वीस मिनिटांची डिलिव्हरी

४ जानेवारी

दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. चार महिन्यांत एकोणीस वेळा फोन लावला. शेवटच्या वेळी वहिनीने उचलला आणि म्हणाली, "भावोजी, ते अंघोळीला गेलेत." तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. वहिनीला खोटं बोलता येत नाही.

हे पत्र तीच तुला वाचून दाखवेल असं धरून चाललोय, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

मी बरा आहे. खोली तीच, टायरच्या दुकानावरची. कपड्यांना रबराचा वास येतो, पण तो आता मला येत नाही, लोकांनाच येतो. दुपारचा डबा शोरूमच्या मागच्या आवारात खातो. तिथे न विकलेल्या गाड्या उभ्या असतात, सीटवरचं प्लॅस्टिकही काढलेलं नसतं. एखादीत बसतो, दार लावून घेतो. आवाज अजिबात येत नाही. बोलायला कुणी नसलं तरी बसायला जागा चांगली आहे.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती कामातली आहे. आमच्याकडे नव्या गाडीच्या डिलिव्हरीला वीस मिनिटं ठरलेली आहेत. त्यात किल्ल्या, कागदपत्रं, स्टेपनी दाखवणं, गिऱ्हाइकाचा फोन गाडीला जोडून देणं आणि फोटो. फोटोलाच आठ मिनिटं जातात, कारण घरातलं कुणीतरी डोळे मिटतंच. गाडी चालवायची कशी, याला उरतात चार मिनिटं. मग गिऱ्हाईक एका कागदावर सही करतं. त्यावर एक चौकोन असतो, 'चालवून दाखवली'. त्यात मी बरोबरची खूण करतो.

मागच्या आठवड्यात एक निवृत्त नर्सबाई तक्रार घेऊन आल्या. तुझ्याकडे आहे त्याच हायब्रिडची तक्रार. म्हणाल्या, "गाडीचं ॲव्हरेज खाली चाललंय आणि माझं बीपी वर." अठ्ठावीसच्या जागी त्यांना पंधरा मिळत होतं. सर्व्हिसवाल्यांनी गाडी तपासली, काही दोष नाही. मी म्हटलं, रविवारी माझी सुट्टी आहे, मी तुमच्या शेजारी बसतो, तुम्ही चालवा.

बाई प्रत्येक सिग्नलला न्यूट्रल करत होत्या. उतार आला की न्यूट्रल. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाल्या, "कुणी म्हणजे? चाळीस वर्षं पेट्रोल वाचवतेय मी असंच." मी सांगितलं, बाई, जुन्या गाडीत ते बरोबर होतं. या गाडीत उतारावर पाय उचलला की चाकंच बॅटरी भरतात. न्यूट्रल केलं की भरणं थांबतं. ब्रेकचंही तसंच. आधीपासून हलका दाबला तर ती शक्ती बॅटरीत जाते, आयत्या वेळी जोरात दाबला तर तापून वाया जाते. बाई म्हणाल्या, "म्हणजे इंजेक्शनसारखं. घाई केली की दुखणारच." तासाभरात बावीस आलं.

दादा, तू अजून उतारावर न्यूट्रल करतोस ना?

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझा धाकटा


१२ जानेवारी

दादा,

परवा वहिनीशी बोललो. मीच लावला होता फोन, तिच्यावर रागावू नकोस. ती म्हणाली की गाडी विकायचं ठरतंय. कुणी बेकरीवाले बघून गेले आणि पंधरा फेब्रुवारीला न्यायची म्हणाले. मग तू काय करणार, असं मी विचारलं. ती म्हणाली, "करणार काय, दुसऱ्याची चालवणार. कंपनीत ड्रायव्हर हवाय म्हणे. टोपी घालावी लागते."

चव्वेचाळिसाव्या वर्षी तू टोपी घालून दुसऱ्याचं दार उघडणार, हे मला चालणार नाही. मला चालतं की नाही हे विचारणारा तू नाहीस, तेही माहीत आहे. पण ती तुझ्या नावावरची पहिली गाडी आहे. अजून महिना आहे. ॲव्हरेज सुधारलं तर विकायचं कारणच उरत नाही. म्हणून नीट लिहितो.

निघताना मुंगीच्या पावलाने जाऊ नकोस. सगळ्यांना वाटतं की हळू म्हणजे कमी पेट्रोल. फार रेंगाळलं की बॅटरी संपते आणि मग इंजिन तिला भरत बसतं. सरळ वेग धर, पन्नासच्या आसपास गेलास की पाय पूर्ण उचल, इंजिन गप्प होईल, मग पाय नुसता टेकव. अंगठ्याने अंड्याला स्पर्श करावा तेवढाच. पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथूनच ब्रेकला पाय लाव, हलका. गाडी सिग्नलला बंद करून पुन्हा चालू करायची गरज नाही, ती स्वतःच बंद असते. टेकडीच्या लांब उतारावर गिअरचा दांडा 'बी'वर टाक, म्हणजे इंजिनच गाडी अडवून धरतं. न्यूट्रल कुठेच नाही.

टॅक्सी स्टँडवर तुला सगळे 'थेंब्या' म्हणायचे ते मला आठवतं. जुन्या डिझेल गाडीतून तू जेवढे किलोमीटर काढायचास तेवढे कुणी काढले नाहीत. पैज लावून हरायचे बिचारे. आता तेच म्हणतात म्हणे, "थेंब्या, नवीन गाडीला बादलीने पाजतोस का?" हे वहिनीने सांगितलं आणि सांगून झाल्यावर म्हणाली, मी सांगितलं नाही हं. दादा, तुझी कला गेलेली नाही. तुझ्या ज्या सवयींनी डिझेल वाचायचं, त्याच सवयींनी इथे पेट्रोल जातंय. आमच्या शोरूममध्ये येणारे सगळ्यांत जुने, सगळ्यांत हुशार ड्रायव्हरच यात फसतात. नवशिक्याला विसरायचं काही नसतं.

हेच मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं. म्हटलं, हायब्रिड घेणाऱ्या प्रत्येकाला डिलिव्हरीच्या दिवशी एक तास द्या, मी शेजारी बसतो. ते म्हणाले, "अरे बाबा, आपण गाड्या विकतो, शाळा चालवत नाही."

मी म्हटलं, साहेब, अठ्ठावीसचा आकडा आपण सांगतो, मग तो काढायचा कसा हे कोण सांगणार?

"पुस्तक देतो ना डिकीत."

"पुस्तक कुणी वाचत नाही साहेब."

"तू वाचलंस?"

"तीनदा."

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "हे बघ. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला तू पहिल्याच दिवशी ब्रेक कसा दाबायचा ते सांगणार. तो म्हणेल, मला अडाणी समजतोस काय? आणि जाईल समोरच्या शोरूममध्ये."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, हे मला दुसऱ्या कुणापेक्षा जास्त माहीत आहे. का, ते पुढे कधीतरी लिहीन.

टायरमध्ये हवा किती आहे तेही बघ.

धाकटा


२३ जानेवारी

दादा,

वहिनी म्हणाली की पत्रं ती वाचत नाही. तू पाकीट घेतोस, गाडीत जाऊन बसतोस आणि काचा वर करतोस. "एवढं काय असतं हो त्यात, प्रेमपत्र आहे का?" असं तिने विचारलं तर तू म्हणालास, "हवेचं प्रेशर आहे." मला फार हसू आलं. खोलीत एकटाच हसलो, मग खालून टायरवाल्याने ओरडून विचारलं, काय झालं म्हणून.

तू स्वतः वाचतोस हे कळल्यावर मागची दोन पत्रं आठवून बघितली. त्यांत मी एक गोष्ट खोटी लिहिली नाही, पण खरीही लिहिली नाही. वीस मिनिटांचा नियम आहे म्हणून तुला शिकवता आलं नाही, असं तुला वाटलं असेल. मीही तसंच वाटू दिलं.

तुझी डिलिव्हरी दुपारी दोनला होती. त्यानंतरची साडेचारला. मधे माझ्याकडे दोन तास होते. मी वहीत बघून खात्री केली आहे. मला कुणी अडवलं नव्हतं.

मी तुला शिकवलं नाही कारण मला जमेना. नववीत मी शाळा सोडली तेव्हा तू आठ दिवस बोलला नाहीस. नवव्या दिवशी मला सिमेंटच्या गोदामामागे घेऊन गेलास आणि जुन्या गाडीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसवलंस. म्हणालास, "पुस्तकं जमली नाहीत ना, मग हे तरी नीट कर." क्लच सोडताना मी गाडी अठरा वेळा बंद पाडली. तू एकदाही आवाज चढवला नाहीस, फक्त म्हणायचास, "पुन्हा." त्या माणसाच्या शेजारी बसून मी म्हणणार, दादा, तुझा पाय चुकतोय? जीभच उचलेना. मला वाटलं, तुला दोन दिवसांत आपोआप समजेल. तू थेंब्या आहेस.

नाही समजलं. समजण्यासारखं ते नाहीच, सांगावंच लागतं. महिन्याने तू शोरूमच्या फाटकाशी आलास आणि म्हणालास, "अठ्ठावीस म्हणाला होतास. सतरा येतंय. मला फसवायचं दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं." आणि मागे वळलास. मी फाटकाशी उभा होतो, हातात दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची किल्ली होती.

दादा, एक रविवार दे. तू चालव, मी शेजारी बसतो. तू म्हणशील तेव्हा उतरतो.

धाकटा


४ फेब्रुवारी

दादा,

रविवारी मी स्टँडच्या पलीकडच्या फूटपाथवर सकाळी नऊपासून उभा होतो. तू येताना दिसलास. मला बघितलंस की नाही ते कळलं नाही. तू भाडं घेतलंस आणि गेलास. मी बारापर्यंत थांबलो. मग एका ड्रायव्हरने विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, कुठे नाही.

वहिनीचा फोन आला होता. ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "भावोजी, ॲव्हरेजचं निमित्त आहे हो. सतरावरून कुणी भावाशी बोलायचं सोडतं का? तुम्ही आणखी काहीतरी केलंय. ते सांगत नाहीत. तुम्ही तरी सांगा." मी तिला म्हटलं, मला माहीत नाही. मला माहीत आहे.

डिलिव्हरीच्या दिवशी तू दाराशी पायपुसण्यावर उभा राहून बूट पुसत होतास. आतली चकचकीत फरशी बघून पुन्हा पुसलेस. मॅनेजरसाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी विचारलं, "हे कोण? तुझ्या घरचे का?" मी म्हणालो, "नाही साहेब. ओळखीचे ड्रायव्हर आहेत."

का म्हणालो याचं कारण मी पाच महिने शोधतोय. घरच्या माणसाला गाडी विकली तर साहेब म्हणतील मी सूट मागेन, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण नव्हतं. त्या महिन्यात मला पहिल्यांदा टाय मिळाला होता. एवढंच होतं. याहून मोठं काही सापडत नाही.

तू ऐकलंस का, हे मला कळलं नव्हतं. तू फोटोला उभा राहिला नाहीस. साहेब म्हणाले, "अहो, या ना, फोटो काढू," तर तू म्हणालास, "ओळख तेवढी नाही," आणि किल्ली घेऊन निघालास. मी तेव्हा मनात म्हटलं, दादाला फोटो आवडत नाही. मनातच, कारण तोंडाने दादा म्हणायची सोय मी ठेवली नव्हती. म्हणजे तू ऐकलं होतंस. मला तेव्हाच कळलं होतं, दादा. कळलं नव्हतं असं वर लिहिलं, तेही खोटं.

तू सही न करता गेलास. 'चालवून दाखवली' या चौकोनात मी खूण केली आणि खाली तुझी सही मीच केली. तुझ्या नावातली वेलांटीसुद्धा तुझ्यासारखी काढली.

हे सगळं मी चार दिवसांपूर्वी कागदावर लिहून मॅनेजरसाहेबांना दिलं. सहीचं आणि ओळखीच्या ड्रायव्हरचं, दोन्ही. त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं. नोकरी नकोय का?" मी म्हटलं, हवी आहे. त्यांनी पेन टेबलावर आपटलं. मग म्हणाले, "सख्खा भाऊ?" मी म्हटलं, हो. "मोठा?" हो. "गाढव आहेस."

डिलिव्हरीवरून मला काढलं आहे. टाय परत घेतला. आता मी सर्व्हिसच्या तक्रारीच्या काउंटरवर बसतो. साहेब म्हणाले, "तुला शिकवायची हौस आहे ना, तिथे शिकव. तिथला माणूस आधीच चिडलेला असतो, तुझ्यामुळे आणखी किती चिडेल?" म्हणजे शोरूम आता शिकवतं, पण गिऱ्हाईक फसल्यानंतर. तरी काहीच नाही त्यापेक्षा बरं. तीन दिवसांत चार जणांच्या शेजारी बसलो. दोघांनी मला अडाणी समजतोस काय असं विचारलं. एकाने नंतर हात हातात घेतला.

मी माफी मागत नाही, कारण मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल. गाडी मात्र विकू नकोस. माझा राग गाडीवर काढू नकोस, ती तुझी आहे.

धाकटा


२० फेब्रुवारी

दादा,

आज सकाळी तुझी गाडी सर्व्हिसला आली. आत शिरतानाच मी ओळखली. उजव्या आरशाखाली बारीक ओरखडा आहे, तो मला माहीत नव्हता, पण नंबर माहीत होता. मी काउंटर सोडून उभा राहिलो. दार उघडलं आणि बेकरीवाले गृहस्थ उतरले. बाहीवर मैदा होता.

माझ्या मनात होतं की शेवटच्या क्षणी तू नाही म्हणशील. वहिनीला पंधरा तारखेनंतर मी फोन केला नाही, तो याच कारणासाठी.

त्यांची तक्रार तीच. "अठरा देते हो. आधीचे मालक तर म्हणाले होते चांगली चालते." मी विचारलं, आणखी काय म्हणाले? ते म्हणाले, "फार बोलके नव्हते. किल्ली देताना म्हणाले, उतारावर न्यूट्रल करू नका. मी म्हटलं, सगळेच करतात की. तर म्हणाले, मीही करायचो." मी विचारलं, मग विकली का? "मीही तेच विचारलं. म्हणाले, तुम्हाला जानेवारीत शब्द दिलाय. का, तुमच्या ओळखीचे आहेत का?"

मी म्हटलं, माझा भाऊ आहे. मोठा.

ते म्हणाले, "मग भाऊ इथे असतो, हे त्यांनी सांगितलं नाही?" मी म्हटलं, नसेल सांगितलं.

तासभर त्यांच्या शेजारी बसलो. ते ब्रेक असा दाबतात की जणू पीठ मळतायत, पण माणूस चांगला आहे, सांगितलं की ऐकतो. परत आल्यावर त्यांना ॲव्हरेजचं पान कसं बघायचं ते दाखवायला स्क्रीन उघडली. तुला ते पान कधी सापडलं की नाही, माहीत नाही. मागच्या आठ आठवड्यांचे आठ खांब असतात, प्रत्येकावर आकडा. शेवटचा खांब बेकरीवाल्यांचा, अठरा. आधीचे सात तुझे.

सतरा. सतरा. एकोणीस. एकवीस. बावीस. चोवीस. सव्वीस.

मी ते तोंडाने वाचले असावेत, कारण बेकरीवाले म्हणाले, "सव्वीस? या गाडीने?" मी म्हटलं, होय, याच गाडीने.

ते म्हणाले, "मग हे पुसा बाबा. रोज समोर दिसलं तर मला लाज वाटेल. शून्यापासून करू." मला पुसवत नव्हतं. पण गाडी त्यांची आहे. आकडे तळहातावर लिहून घेतले आणि बटण दाबलं. सगळे खांब एकदम गेले.

दुपारी मागच्या आवारात जाऊन बसलो, डबा उघडला नाही. तारखा लावून बघितल्या. माझं पहिलं पत्र तुला सात-आठ जानेवारीला मिळालं असणार. खांब त्यानंतरच्या आठवड्यापासून चढायला लागले आहेत. काचा वर करून तू वाचलंस आणि वाचलंस तसं केलंस. स्टँडवर कुणाला सांगितलं नसशील. वहिनीलाही नाही. मला तर नाहीच. माझ्याशिवाय, मी शेजारी नसताना, तू माझ्याकडून शिकलास. मला हा तास हवा होता, दादा. तो तू एकट्यानेच घेतलास. आणि तरीही शब्द दिला म्हणून गाडी दिलीस. आता सकाळी टोपी घालत असशील. आरशात बघायलाही नको वाटत असेल तुला.

पण एक गोष्ट राहते. चार फेब्रुवारीचं पत्र, ओळखीच्या ड्रायव्हरचं आणि सहीचं, ते तुला सात तारखेच्या आसपास मिळालं. मी हिशेब दोनदा केला. सव्वीसचा खांब त्याच्या पुढच्या आठवड्याचा आहे.

या काउंटरवर मी एवढ्या दिवसांत एकच गोष्ट नक्की शिकलोय. माणूस तोंडाने काहीही म्हणो, पाय खोटं बोलत नाही. घरी भांडून आलेला माणूस मी शेजारी बसल्यापासून पाच मिनिटांत ओळखतो. ब्रेक उशिरा, ॲक्सिलरेटर दणकन, आकडा खाली. चिडलेल्या माणसाच्या पायाने सव्वीस येत नाही. आलेलं मी बघितलेलं नाही.

माझं चुकत असेल. पण रविवारी अकराला मी घरी येतोय. शिकवण्यासारखं आता माझ्याकडे काही नाही आणि गाडीही नाही. नुसताच येतोय. दार तूच उघड, वहिनीला पाठवू नकोस.

तुझा धाकटा भाऊ